वंशावळ राजाची, विसर पणजीचा

१/ रिसोड तालुक्यातील एखाद्या इतिहासप्रेमी तरुणास त्याच्या कुळाचा मूळपुरुष विचारावा. तो राजवंशाचे नाव घेतो, देवक सांगतो, प्रसंगी थेट सूर्यापर्यंत किंवा चंद्रापर्यंत पोहोचतो. मग त्याच्या पणजीचे माहेर विचारावे. तेथे तो अडखळतो. हजार वर्षांपूर्वीचा राजा ठाऊक आणि शंभर वर्षांपूर्वीची पणजी अज्ञात, ही इतिहासाची आवड नव्हे; हा इतिहासाचा अव्हेर आहे.

२/ या अव्हेराचे समर्थन ठरलेले असते : "सामान्य माणसाची नोंद ठेवलीच कोणी?" हे विधान साफ चुकीचे आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे शेतांची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, खातेदारांची नावे लिहिली गेली. १८६७ मध्ये, म्हणजे अखिल भारतीय मोजणीच्याही आधी, वऱ्हाडात खानेसुमारी झाली.

३/ त्याहून मोलाचे 'कोतवाल बुक'. गावातील जन्म-मृत्यूची खबर कोतवालामार्फत या वहीत जाई : तारीख, बापाचे नाव, जात, गाव. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा पाठ्यपुस्तकात एका वाक्यात संपतात. ज्या गावी त्या वर्षांच्या वह्या टिकल्या आहेत, तेथे तीच माणसे एकेक करून मरताना दिसतात.

४/ शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा तिसरा साक्षीदार. त्यातील अनेकांचा जन्म १ जून किंवा १ जुलैचा असतो, कारण तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. साधनाची चिकित्सा म्हणजे काय, हे शिकण्यास याहून सोपा धडा नाही.

५/ या वह्या उघडल्या जातात त्या बहुधा दाखल्यासाठीच. जातपडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींसाठी मोडी कागद धुंडाळले गेले. हक्कासाठी कागद शोधण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे, की नक्कल हाती पडताच वही मिटते आणि त्याच पानावरील उरलेला गाव कोणी वाचत नाही.

६/ रिसोडच्या शोधात आणखी एक पेच आहे. तालुक्याला लागून हिंगोली जिल्हा. सोयरिकी दोन्हीकडे, पण १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचे राज्य होते. तेथील सरकारी कागद उर्दूत, साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण लागतो : फसली १३०० म्हणजे १८९०-९१. अलीकडेही वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून रिसोडचा भाग अकोला जिल्ह्यात गेला आणि १९९८ मध्ये वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणून एकाच घराचे कागद अनेक दप्तरांत विखुरलेले असू शकतात.

७/ भाटांच्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या मोलाच्या आहेत. मात्र भाट यजमानाचे गुणगान करून पोट भरत असे, आणि तीर्थयात्रा सर्वांना परवडत नसे. कित्येकांना तर देवळाचे दारच बंद होते. या वह्यांत नाव नसणे म्हणजे कुळ हलके असणे नव्हे.

८/ स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्मनोंद सक्तीची आहे. तेथील साध्या शेतमजुराच्या मुलाच्या दाखल्यातही आईचे माहेरचे आडनाव सापडते. येथे कोतवाल बुकात पुष्कळदा 'अमक्यास मुलगी' एवढेच असते : मुलीला नाव नाही, आईचा उल्लेख नाही. महाराष्ट्राने शासकीय कागदांत आईचे नाव सक्तीचे केले ते १ मे २०२४ पासून. ही उणीव वहीने भरून निघत नाही; ती घरातील म्हाताऱ्या बायांच्या आठवणीनेच भरते, आणि त्या आठवणीला मुदत आहे.

९/ "आमच्या पणज्याने केले काय, की त्याचा इतिहास लिहावा?" त्याने कापूस पेरला. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो घसरला. लिव्हरपूलच्या बाजारातला तो हेलकावा या मातीत सावकाराच्या खत्यात उतरला. घरची जमीन कोणत्या साली गेली आणि कोणाकडे गेली, हा प्रश्न कोणत्याही राजवंशाच्या यादीपेक्षा अधिक इतिहास सांगतो.

१०/ मार्ग साधा आहे. आधी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीकडून माहेर-सासरची नावे लिहून घ्यावीत. मग सातबारा, जुने फेरफार, कोतवाल बुक, दाखल-खारीज. आणि त्यासाठी मोडी शिकावी. वाळवी आणि ओल कोणाची वाट पाहत नाहीत. राजांच्या वंशावळी छापून सुरक्षित आहेत. रिसोडच्या पणजीचे नाव अद्याप कोणीही लिहिलेले नाही.

(समाप्त)