‘घरीच असते’ म्हणजे काय?

पुण्यातल्या एका वस्तीत विड्या वळणाऱ्या मावशींना मी विचारलं, “काम करता का?” हात न थांबवता त्या म्हणाल्या, “छे, घरीच असते!” या उत्तराने त्यांचं कामच पुसलं जातं.

बेकारीचंही तेच. २०१७ पासूनच्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत बेकार कोण? काम शोधणारी किंवा करायला तयार असलेली. शोधून थकलेली आणि आता कामाला तयार नाही असं सांगणारी बाई ‘घरकामा’च्या रकान्यात जाते. म्हणजे बायकांची आशा संपली, की बेकारीचा दर उतरतो!

१९९३ साली पुण्यातल्याच कचरावेचक बायका कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या. आपण कामगार आहोत, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मैत्रिणींनो, पाहणीवाले दारात आले, की आपणही दिवसभराचं काम मोजून सांगू. आणि रोजगार हवा असेल, तर तोही मागू.