‘तरुणपणी’ हा शब्द कोणी गाळला?

मार्टिन लूथर हा एका गरीब खाणकामगाराचा मुलगा होता, हे वाक्य युरोपीय धर्मसुधारणेवरच्या टिपणांत इतक्यांदा उतरवले गेले आहे की त्याचा पुरावा मागणे हा आता अरसिकपणा ठरावा. तो अरसिकपणा मी येथे करणार आहे. कारण या एका वाक्याने एक अख्खा माणूस पुसून टाकला आहे. त्याचे नाव हान्स लूथर.

पुरावा म्हणून दाखवला जातो तो लूथरच्या भोजनसमयीच्या गप्पांतला एक उद्गार : बाप गरीब खाणकामगार होता, आई सरपण पाठीवर वाहून आणी. या गप्पा लूथरने लिहिलेल्या नाहीत, पंक्तीला बसलेल्यांनी टिपलेल्या आहेत. तेही सोडून देऊ. पण त्या उद्गारात ‘तरुणपणी’ असा एक शब्द आहे. बाप तरुणपणी गरीब होता. चरित्रकारांनी शब्द गाळला आणि काही वर्षांच्या हलाखीचे आयुष्यभराचे दारिद्र्य झाले.

हान्स म्योरा गावच्या खात्यापित्या शेतकरी घरातला. तिथल्या रिवाजाप्रमाणे शेत धाकट्याकडे जाई. हा थोरला, म्हणून बाहेर पडला. १४८३ साली तो आइसलेबेनला होता, १४८४ मध्ये मान्सफेल्डला आला आणि तांब्याच्या भट्ट्या खंडाने घेऊन चालवू लागला. १४९१ मध्ये तो नगराच्या चार नागरिक-प्रतिनिधींपैकी एक होता. पत्नी मार्गारेटे ही आयझेनाखच्या लिंडेमान या प्रतिष्ठित घराण्यातली. २००३ मध्ये मान्सफेल्डच्या घराशी उकिरड्याचा खड्डा उकरला गेला, तेव्हा कोवळ्या डुकरांची आणि हंसांची हाडे, मासळीचे काटे, मुलांच्या गोट्या, पोशाखावरचे दागिने असा ऐवज हाती लागला. उकिरडा आत्मचरित्र लिहीत नाही, म्हणून त्याची साक्ष मोलाची.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? गरीब नव्हता, श्रीमंत होता; मजकूर तोच राहतो. नाही राहत. मान्सफेल्डचा तांबेयुक्त पाषाण अतिशय पातळ थराचा. तो फोडायला कामगार अंधारात कुशीवर आडवा होऊन, मान वाकडी करून काम करी. ते हाल त्याचे, भट्टीमालकाचे नव्हेत. मालकालाच ‘गरीब खाणकामगार’ म्हणून मिरवले की खऱ्या कामगाराची जागाही तोच बळकावतो. १५२५ च्या शेतकरी उठावात थोमास म्युंत्सरने मान्सफेल्डच्या खाणकामगारांना हाक दिली होती आणि त्याच वर्षी लूथरने शेतकऱ्यांवर कठोर पत्रक लिहिले. त्या पत्रकाचा उगम बापाच्या भट्टीत होता, असे मी म्हणत नाही. पण पत्रक लिहिणारा खाणकामगाराच्या घरातून आला होता की मालकाच्या, हे ठाऊक नसताना ते वाचणे म्हणजे अर्धेच वाचणे.

आणि हान्स निखळ धनिकही नव्हता. तांब्यात चांदी असे. ती शिशाच्या साहाय्याने वेगळी काढण्याचे भांडवल मोठ्या व्यापारी मंडळ्यांकडे, विशेषतः न्यूर्नबर्गकडे. भट्टीमालक त्यांच्याकडून आगाऊ उचल घेई आणि तांबे देऊन ती फेडी. उतारवयात हान्स कर्जातच होता. १५२० मध्ये फुगर घराण्याला लगाम घालण्याची भाषा करणारा आणि १५२४ मध्ये व्याजखोरीवर तुटून पडणारा लूथर केवळ बायबल उघडून बसला नव्हता. उचल म्हणजे काय हे त्याने घरात पाहिले होते. काउंट भट्टीमालकांचे हक्क हिरावू लागले तेव्हा त्यानेच त्यांना खरमरीत पत्रे धाडली. १५४६ मध्ये त्याला मरण आले तेही आइसलेबेनला, याच काउंटांचे भांडण मिटवायला गेला असताना.

एरिक एरिकसन यांनी १९५८ च्या ग्रंथात बापाची चढती कमान ओळखली होती, हे मान्य करायला हवे. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी उचलला तो फक्त धाकदपटशा करणारा बाप. मुलगा १५०५ मध्ये एम. ए. झाला तेव्हा त्याला अहो-जाहो करू लागलेला आणि तो मठात जाताच पुन्हा अरे-तुरेवर आलेला हान्स मनोविश्लेषणाला आयताच सापडतो. तरी त्या अरे-तुरेत हिशेबही आहे : कायदा शिकलेला मुलगा हाच खंडाच्या करारांत अडकलेल्या घराचा खरा विमा होता. १५०७ मध्ये हाच बाप वीस घोडेस्वारांसह मुलाच्या पहिल्या मासला आला, वीस गुल्डन दिले आणि भरपंक्तीत विचारले की आईबापांचा मान राखावा ही आज्ञा तू ऐकली नाहीस काय. चौदा वर्षांनी मुलाने मठशपथांवरचा ग्रंथ त्यालाच अर्पण केला आणि तुमचे बरोबर होते अशी कबुली दिली.

लेखक आपल्या उगमाविषयी जे सांगतो तोही एक मजकूरच असतो, हे आपण वर्गात रोज शिकवतो. मग गरिबीची कथा समोर आली की आपली चिकित्सा हात जोडून का उभी राहते? हान्सला दारिद्र्य बहाल करून त्याचा सन्मान होत नाही. भट्टीचा धूर, कर्जाची वही आणि मुलावरचा राग यांसह तो परत मिळाला, तरच मुलाचे लेखन आपल्याला नीट वाचता येईल.