हिरवळीचा हिशेब

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या मराठीत चुका सापडल्या तर त्या संपादक मंडळाच्या समजाव्यात, कारण 'तू लिही गं, व्याकरणाचं आम्ही बघतो' असं म्हणून त्यांनी हा लेख माझ्याकडून काढून घेतलाय. विषय मात्र माझाच आहे. गवत! हसू नका. या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी जेवढी भांडणं झाली, ती सगळी गवतावरून झाली.

आमचं घर पुणे जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. तीस वर्षं साखर कारखान्यात कारकुनी केली. तिथे साहेबांच्या बंगल्यासमोर मोठं लॉन होतं, आणि बाबा त्याच्या कडेकडेनं फायली घेऊन जायचे. मला ज्या शाळेत घातलं तिथेही लॉन होतं, 'गवतावर चालू नये' अशी इंग्रजी पाटी असलेलं. म्हणजे आमच्या घरात दोघांनी आयुष्यभर लॉन पाहिलं, पण त्यावर बसलं कोणीच नाही. घर बांधून झाल्यावर समोर चाळीस बाय पंचवीसचं अंगण उरलं, आणि बाबा म्हणाले, "इथे तयार लॉन टाकायचं. कार्पेट." त्यांच्या या हौसेला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. पण मी सिव्हिलची. एस्टिमेट तरी करू, म्हटलं.

सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचनकडे नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. बाबा, आजी आणि मी गेलो. नर्सरीवाल्या काकांनी मातीसकट खरवडलेले गवताचे तुकडे गालिच्यासारखे मांडले. हे कोरियन, हे बर्म्युडा. कोरियन दिसायला मखमली. ते झॉयसिया जातीचं, हळू वाढतं, कापणी कमी, पण नाही कापलं तर त्याचे उंचवटे होतात. बर्म्युडा उन्हातलं, तुडवलं तरी सोसणारं. आजीनं एक तुकडा हातात घेतला, काडी उपसली, पेरं पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अरे, ही तर हरळी!"

काका ओशाळले, पण आजी शंभर टक्के बरोबर होती. बर्म्युडा म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजेच हरळी, आणि गणपतीला वाहतो ती दूर्वा. आजीनं जन्मभर शेतातून जी खणून काढली, तीच तिचा मुलगा चौरस फुटाच्या भावानं विकत घेणार होता. "पैसे देऊन हरळी आणतो का रं?" हे वाक्य पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात रोज घुमलं.

आजीनंच मला तुकडा उलटा करून बघायला शिकवलं. मुळं पांढरी आणि ताजी हवीत, मातीचा थर सगळीकडे सारखा हवा, आणि लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर तो माल घ्यायचाच नाही. लव्हाळा एकदा अंगणात शिरला की लॉन राहतं बाजूला, लव्हाळाच पोसावा लागतो. कापलेलं गवत उन्हाळ्यात दिवसभरात अंथरलं गेलं पाहिजे, रचून ठेवलं तर आतल्या आत तापून पिवळं पडतं. अंथरताना सांधे विटांच्या बॉन्डसारखे मोडून घ्यायचे, हे मात्र मी सांगितलं. (दोन वर्षांच्या शिक्षणाचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग.)

आता खर्च. काकांनी आम्हाला चौदा रुपये चौरस फूट भाव दिला. हजार फुटांचे चौदा हजार. बाबा खूश! पण हे झालं नुसतं गवत. आमच्या अंगणात मुरूम आहे, त्यावर गालिचा टाकला तर मुळं खाली उतरतच नाहीत. निदान चार इंच चांगली माती हवी. म्हणजे ३३३ घनफूट, साडेतीन ब्रास धरा. मातीचे १२,२५०, शेणखताचे तीन हजार, खणून लेव्हल करायची मजुरी सहा हजार, टेम्पोचे साडेतीन हजार. बेरीज ३८,७५० रुपये. मशीन अजून घेतलंच नाहीये! गवताची किंमत एकूण खर्चाच्या निम्मीही नाही. 'काय भाव फूट?' एवढंच विचारून जे लोक ऑर्डर देतात ते इथेच फसतात.

आणि ही माती कुठून येते, हाही प्रश्न आहेच. दीड सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर हजार फुटांच्या कार्पेटबरोबर दोन टनांच्या आसपास माती कुणाच्या तरी रानातून उठून आपल्या दारात येते. वरची, कसदार माती. त्यावर एक वेगळा लेख होईल. असो.

खरी गंमत पाण्याची. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तर ९३ चौरस मीटरला ४६५ लिटर लागतं. शहराच्या पाणीपुरवठ्याचं डिझाइन करताना आपण माणशी १३५ लिटर धरतो, म्हणजे घरात साडेतीन माणसं वाढली! होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर तेवीस बादल्या. एप्रिलमध्ये एका बादलीसाठी आपण नंबर लावतो, तेव्हा तेवीस बादल्या म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेचे साठ दिवस धरले तरी दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. साहेबाच्या देशात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, म्हणून तिथे लॉन आपोआप जगतं. आपल्याकडे तो चार महिन्यांत आटपतो आणि पुढचे आठ महिने त्याचं काम आपण करायचं.

आपण म्हणजे कोण? आमच्या कॉलनीत एक दिवसाआड पहाटे पाचला पाणी येतं. उठतं कोण? आई. बाबांच्या वहीत मातीला ओळ होती, टेम्पोला ओळ होती, आईला नव्हती. माझ्याही एस्टिमेटमध्ये नव्हती, हे लिहिताना लाज वाटते. रात्री आईच सहज म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा, मला पाइप मोठा लागेल." त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्हाला लॉन बघायला हवंय की बसायला?" ते म्हणाले, बसायला. बसायला हजार फूट कशाला लागतात? शेवटी वीस बाय दहाचा तुकडा ठरला. कडुनिंबाच्या सावलीत नाही, तिथे हरळी विरळ होते. जिथे सहा-सात तास ऊन मिळतं तिथे. दोनशे फुटांचं गवत २,८०० रुपये, पाऊण ब्रास माती, एका माणसाची मजुरी. सगळं मिळून दहा हजारांच्या आत. पाणी रोज ९३ लिटर, त्यात भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आलंच. उरलेलं अंगण तसंच मोकळं. आजी म्हणत होती की नुसते ठोंब लावा, पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत आपोआप पसरतील, पैसेही वाचतील. खरं तर तेच शहाणपणाचं होतं. पण बाबांना तयार गालिचा उलगडताना बघायचा होता, तेवढा हट्ट मी चालू दिला. फक्त मे ऐवजी जूनमध्ये, पहिले दोन पाऊस झाल्यावर. नवीन गवताला पहिले दोन-तीन आठवडे सतत ओल लागते, ती आभाळाकडून घेतली.

हे सगळं इथे लिहायचं कारण आपलं कॉलेज. मागच्या वर्षी तपासणी समिती यायच्या दोन दिवस आधी ऑफिससमोर ट्रकभर कार्पेट पडलं, आठवतंय? खाली बांधकामाचा राडारोडा तसाच. समितीनं फोटो काढले, महिन्याभरात गवताचं खळं झालं. त्याच महिन्यात होस्टेलचं पाणी एका वेळेवर आलं होतं. मला वाटतं, ऑफिससमोरच्या शोभेपेक्षा होस्टेलमागच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात, जिथे आपण खरोखर बसतो, जूनमध्ये थोडे ठोंब लावावेत. बेसिनचं पाणी तिकडे वळवायचा आराखडा आमची बॅच फुकट करून देईल. उन्हाळ्यात ते वाळून पिवळं पडेल. पडू दे. हरळी आहे, पावसात परत उठते. आणि पाटी लावू नका, प्लीज.

गणपतीला घरी गेले होते. बाबा संध्याकाळी त्या तुकड्यावर चक्क मांडी घालून पेपर वाचत बसतात. चतुर्थीला सकाळी आजी वाटी घेऊन बाहेर आली, बाबांना म्हणाली "सरक जरा," आणि त्यांच्या गुडघ्याजवळच्या एकवीस दूर्वा खुडून घेऊन गेली.