कसरतींची खतावणी

गेल्या महिन्यात चंद्रपुरातील आमच्या ओळखीच्या एका सुतार बांधवाकडे दरवाजाचे माप द्यायला गेलो होतो. चहा येईपर्यंत त्यांनी मनातली तक्रार बोलून दाखवली. "पोरगा बारावी झाला, हातात रंधा धरत नाही. रात्रभर मोटारींचा खेळ खेळतो आणि वर त्याची वही लिहितो. खेळाची कुणी वही लिहितो का?" त्यांनी ती दोनशे पानी वही आमच्यापुढे टाकली. आम्हीही हसूनच उघडली. पण चार पाने उलटल्यावर हसू थांबले.

वहीत रेघा मारून रकाने पाडलेले होते. पात्राचे नाव, ते कोणत्या गाडीवर बसले आहे, उडी कोणत्या चढावरून घेतली, बटण कोणत्या दिशेला दाबले, हवेत हात काय करतो, पाय काय करतो, मान कुठे वळते, कसरत कोणत्या फ्रेमला सुरू झाली आणि कोणत्या फ्रेमला संपली, किती वेळा पाहिली, कोणत्या तारखेला. काही ओळींपुढे लाल शाईत "खात्री नाही, पुन्हा पाहणे" असा शेरा होता. या व्यापार पानाच्या निमित्ताने आम्ही पुष्कळ दुकानांची चोपडी पाहिली आहेत. इतकी चोख नोंद फार थोड्या ठिकाणी दिसली. म्हणून आजचा लेख त्या वहीविषयी आहे.

ज्या वाचकांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कार्ट म्हणजे बुटकी, बिनछपराची लहान गाडी. अशा गाड्यांवर चित्रातली पात्रे बसवून शर्यत लावायची, हा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९९२ साली 'सुपर मारिओ कार्ट' या नावाने लोकप्रिय केला. ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात हाताने बनवलेले पत्ते विकणाऱ्या कारागिराचे दुकान म्हणून सुरू झाली होती, हे आमच्या कारागीर वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २००८ साली त्यांचा 'मारिओ कार्ट वी' आला आणि त्यात कसरतींची भर पडली. गाडी चढावाच्या टोकावरून उडताना खेळणाऱ्याने हातातल्या यंत्राला हिसका द्यायचा, की पात्र हवेत कसरत करते आणि जमिनीवर उतरताच गाडीला क्षणभर जादा वेग मिळतो. म्हणजे ती कसरत नुसती शोभेची नाही, शर्यतीचा निकाल तिच्यावर फिरू शकतो. या एका खेळाच्या ३ कोटी ७० लाखांहून अधिक प्रती जगभर खपल्या.

आता या कसरती कुणीतरी हाताने घडवलेल्या असतात. जड पात्र कसे उलटेल, हलके कसे गिरकी घेईल, दुचाकीवर बसलेला काय करील आणि चारचाकीवरचा काय करील, याचा विचार करून एक कारागीर एकेक फ्रेम बसवतो. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालत असेल तर अर्ध्या सेकंदाच्या कसरतीत ३० फ्रेम येतात. डोळ्याला त्या सगळ्या दिसत नाहीत. त्या एकेक थांबवून पाहणे, मोजणे आणि शब्दांत उतरवणे, हेच त्या मुलाचे काम.

हे काम दिसते तितके सोपे नाही. आम्ही त्याला मुद्दाम खोदून विचारले. तो म्हणाला, "चाचा, पहिल्या वहीत माझी खूप चूक झाली. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेमच टिपत होता, म्हणून अर्ध्या फ्रेम गळाल्या. मग एक कसरत एकदाच पाहून लिहिली आणि नंतर कळले की बटण दुसऱ्या दिशेला दाबले की वेगळीच निघते. आता तीन वेळा पाहिल्याशिवाय पक्के लिहीत नाही." स्वतःची चूक कशामुळे झाली हे शोधून रीत बदलणे, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणे, शंका असेल तिथे शंका लिहिणे: हे गुण आम्ही मुनीम नेमताना शोधतो आणि बहुधा मिळत नाहीत.

आपल्या दोन जिल्ह्यांना नोंदीचे मोल शिकवण्याची गरज पडू नये. बल्लारपूरच्या लाकूड आगारात प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि गोलाई मोजली जाते, त्यावर क्रमांक पडतो, हातोड्याची खूण उमटते, मगच तो लिलावाच्या थप्पीत जातो. क्रमांक आणि खूण नसलेला साग कितीही उत्तम असो, रस्त्यात नाक्यावर अडतो. उन्हाळ्यात तेंदूच्या फडीवर मुन्शी पुडके मोजून लिहितो, त्या लिखाणावर घराघराची मजुरी ठरते. जंगलाच्या मुलखात ज्याची नोंद त्याचा माल, हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

आणि शर्यतीचे म्हणाल, तर तीही आपल्याला परकी नाही. झाडीपट्टीत शंकरपट भरतो, छकडा पळतो, कोणत्या जोडीने किती सेकंदांत अंतर तोडले ते लिहून घेतात. मध्यंतरी काही वर्षे न्यायालयाच्या बंदीमुळे पट थांबले होते. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पण विचार करा, पटाच्या कागदावर काय राहते? जोडीचे नाव, मालकाचे नाव आणि सेकंद. धुरकरी छकड्यावर कसा उभा राहिला, तोल कुठे टाकला, कासरा कोणत्या हातात होता, शेवटच्या टप्प्यात त्याने अंग कसे झुकवले, याची ओळही कुठे नसते. ते कसब म्हाताऱ्या धुरकऱ्याबरोबर जाते. ज्या गोष्टीने शर्यत जिंकली तिचीच नोंद नाही. सुताराच्या मुलाची वही नेमकी हीच उणीव भरते, फक्त छकड्याच्या जागी कार्ट आहे.

ज्यांना वाटते की हा पोरखेळ आहे, त्यांनी 'सुपरटक्सकार्ट' नावाचा खेळ पाहावा. तो फुकट आहे आणि जगभरच्या हौशी कारागिरांनी मिळून बनवला आहे. त्यातील पात्रे 'ब्लेंडर' या सॉफ्टवेअरमध्ये घडवतात, जे २००२ पासून सर्वांना मोफत मिळते. तिथे रीत अशी की पात्राच्या हालचालींवर खुणा घालाव्या लागतात: ही फ्रेम सरळ बसल्याची, ही डाव्या वळणाची, ही उजव्या, इथे उडी सुरू, इथे जिंकल्याचा आनंद, इथे हरल्याचे दुःख. खूण चुकली तर खेळाला ती हालचाल सापडत नाही. शिवाय पात्राच्या सामानाबरोबर एक कागदही जोडलेला असतो: हे कुणी बनवले आणि कोणत्या अटीवर वापरता येईल. म्हणजे नोंद हा मालाचाच एक भाग झाला. जो मुलगा दुसऱ्याच्या खेळातील कसरती इतक्या बारकाईने लिहू शकतो, तो अशा कामाच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आत न्यायचे की दारातून हाकलायचे, हे घरच्या मोठ्यांच्या हाती आहे.

हे काम परदेशातच होते असेही नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ जगाच्या बाजारात आणला. तो गाड्यांचा खेळ नाही. त्यातली राजी ही फिरत्या सर्कशीत कसरती करणारी मुलगी. हरवलेल्या भावाला शोधताना ती भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेते, उसळी मारून वार करते. सारा खेळच पात्राच्या कसरतींवर उभा आहे. २०१७ साली लोकांकडून पैसे जमवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. पुणे आमच्यापासून लांब आहे हे खरे. पण गडचिरोलीहून पुण्याला माणूस गाडीने जातो, त्याचे काम मात्र तारेतून जाऊ शकते.

येथे दोन आक्षेप येतील, ते दडवून चालणार नाही. पहिला: हे खेळ म्हणजे जुगारच ना? नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्यांनी अनेक घरे धुऊन नेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. कार्टच्या शर्यतीत पैज नसते. तरीही रात्रभर जागणे चांगले नाहीच. बापाने तास ठरवून द्यावेत. दुसरा आक्षेप अधिक खरा: या वहीचे पैसे कोण देणार? आम्ही स्पष्ट सांगतो, चंद्रपूरच्या बाजारात तिला गिऱ्हाईक नाही. वही विकण्यासाठी नाही, हात बसण्यासाठी आहे. शागीर्द वर्षभर लाकडाच्या तुकड्यांवर सांधे कापतो, ते तुकडे कोण विकत घेतो? पण त्या वर्षावाचून उस्ताद होत नाही.

तिसरी गोष्ट हक्काची, आणि ती व्यापाऱ्यांनी नीट वाचावी. खेळ पाहून त्यातल्या कसरतींचे स्वतःच्या शब्दांत वर्णन लिहिणे वेगळे, आणि त्यातले पात्र उचलून बनियनवर छापून विकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात १९५७ चा कॉपीराइट कायदा आडवा येतो, आणि "सगळेच छापतात" हा बचाव चालत नाही. उलट, आपला मुलगा उद्या स्वतः कसरत घडवील तेव्हा तोच कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरून अंगावर घेतलेल्या कामात कराराचे शब्द महत्त्वाचे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तोंडी बोलीवर काम करण्याची आमची जुनी खोड इथे महागात पडेल. कोणती कसरत, किती फ्रेमची, कोणत्या तारखेला पुरी झाली, कुणाला दिली, याची वही ज्याच्याकडे आहे त्याला भांडण करावे लागत नाही, वही दाखवावी लागते.

ही गोष्ट फक्त मुलांची नाही. त्या सुतार बांधवांना आम्ही विचारले, "तुमच्या वालिदांचा तो चोरसांधा, बिनखिळ्याचा, अजून जमतो का?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "त्यांचा हात मनगटातून कसा वळायचा ते मी पाहायचो, पण लक्षात नाही राहिले. विचारायचे राहून गेले." आमच्या मोहल्ल्यांत असे किती सांधे, किती टाके, किती ठोके उस्तादांबरोबर मातीआड झाले! गादी पिंजणाऱ्याची ताल, लोहाराचा घण, टांगा बांधणाऱ्याची चाकाला धाव चढवण्याची घाई, या सगळ्या शरीराच्या कसरतीच आहेत. चित्रातल्या पात्राची उडी लिहून ठेवणारा हात आपल्या घरात आहे, आणि खऱ्या उस्तादाची हालचाल लिहायला घरात कुणी नाही असे आम्ही म्हणतो, हे पटण्यासारखे नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे वही फेकू नका. तिच्यावर तारीख आणि नाव घालायला लावा आणि रोजचा वेळ बांधून द्या. ज्यांचे संगणक वर्ग किंवा मोबाईल दुरुस्तीची दुकाने आहेत, त्यांनी एका संगणकावर ब्लेंडर चढवून रिकाम्या वेळी अशा मुलांना बसू द्यावे. खर्च विजेचाच आहे. आणि कारागिरांनी आपले एक तरी काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, घरातल्या पोराकडून मोबाईलवर टिपून आणि वहीत लिहून घ्यावे. हात कुठे, हत्यार कुठे, वजन कोणत्या पायावर, किती ठोके.

निघताना आम्ही मुलाला म्हणालो, "पुढची वही अब्बांच्या रंध्याची लिही." तो म्हणाला, "लिहितो चाचा, पण अब्बा तीन वेळा करून दाखवतील का?" बापाने काही उत्तर दिले नाही. उठले, भिंतीवरचा रंधा काढला आणि पाते तपासू लागले.