हरलेल्या हंगामाचा धनी कोण?

आपल्या भाषेत 'हंगाम' हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे. शेतकऱ्याचा खरीप आणि रब्बीचा हंगाम, साखर कारखान्याचा गळीत हंगाम, मंगल कार्यालयवाल्यांचा लग्नसराईचा हंगाम. या सगळ्यांच्या पंगतीत अलीकडे क्रिकेटचा हंगामही येऊन बसला आहे. शब्द एकच असला, तरी हंगाम बुडाल्यावर माणसे कशी वागतात हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. मला त्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत आणि त्यासाठी 2016 च्या उन्हाळ्याची आठवण काढावी लागेल. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्राचे दोन्ही हंगाम एकदमच बुडाले होते.

त्या वर्षी आयपीएलमध्ये 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' नावाचा नवा संघ उतरला. चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली होती, ती रिकामी जागा भरण्यासाठी पुणे आणि राजकोट हे संघ उभे राहिले. डिसेंबर 2015 मध्ये झालेला त्यांचा लिलावही उलटा होता. मंडळाकडून कमीत कमी पैसे घेईल त्याला संघ मिळणार होता. पुण्याच्या मालकांनी तर घेणे सोडाच, वर्षाला 16 कोटी रुपये आपणच देऊ असे सांगून संघ पदरात पाडून घेतला. उभी हयात बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार वाचून मौज वाटली होती. पण त्यातली खरी मेख रकमेत नव्हती, मुदतीत होती. संघ जन्मालाच आला होता दोन वर्षांसाठी.

संगमनेरकरांना या संघाविषयी आपुलकी वाटायला आणखी एक कारण होते. अजिंक्य रहाणे हा आमच्या तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला डोंबिवलीत, नाव मुंबईकडून खेळून कमावले. पण गावाला एवढी लांबची सोयरीकही पुरते. तो पुण्याकडून खेळणार, कप्तान महेंद्रसिंग धोनी, जोडीला स्मिथ, डू प्लेसी, पीटरसन. पहिल्याच सामन्यात 9 एप्रिलला वानखेडेवर मुंबईला नऊ गडी राखून हरवले आणि रहाणे 66 धावांवर नाबाद राहिला. चौकाचौकांतल्या मंडळींनी त्या रात्रीच करंडक पुण्यात आणून ठेवला!

पुढे जे झाले ते बुडत्याचा पाय खोलात या जातीचे होते. ओळीने चार सामने गेले. पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ आणि मिचेल मार्श हे चौघेही दुखापतींमुळे एकामागून एक घरी परतले. स्मिथने गहुंजेच्या मैदानावर गुजरातविरुद्ध शतक ठोकले, तो सामना शेवटच्या चेंडूवर गेला. अ‍ॅडम झाम्पाने हैदराबादचे सहा बळी अवघ्या 19 धावांत घेतले, तरी चार धावा कमी पडल्याच. चौदांपैकी पाच सामने जिंकले, नऊ हरले आणि आठ संघांत सातवा क्रमांक आला. रहाणेने 480 धावा केल्या, पण एकट्याच्या बैलाने नांगरट होत नाही.

त्या हंगामातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. गहुंजेला पुण्याचे चारच सामने झाले आणि ते चारही पुणे हरले. उरलेले 'घरचे' सामने विशाखापट्टणमला झाले. घरचे अंगण आंध्रात, असा प्रकार!

त्याचे कारण दुष्काळ. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आमच्या तालुक्याच्या पठार भागातल्या बायाबापड्यांना टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे कोणी सांगायला नको. प्रवरेच्या पाण्यावर वरच्या आणि खालच्या भागांचे तंटे तर नेहमीचेच. अशा वेळी मैदानांवर पाणी का मारायचे, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर गेला आणि 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या, असा आदेश झाला. पुढे फक्त 1 मेचा पुण्यातला सामना सवलत म्हणून होऊ दिला गेला.

त्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. सामने गेल्याने कोणाचा हंडा भरला, असे विचारले गेले. हिशेबाने पाहिले तर प्रश्न बरोबर आहे. मैदानाचे पाणी वाचले म्हणून पठारावरची एक विहीर भरली नसेल. तरीही मला तो आदेश योग्यच वाटला आणि आजही वाटतो. शेजारी सुतक असेल तर आपण दारात सनई लावत नाही. त्याने गेलेला माणूस परत येतो म्हणून नव्हे, तर शेजारधर्म म्हणून. अडचण एवढीच की, सनई बंद करताना आपण शेजाऱ्याच्या घरात डोकावलो नाही. सामने गेले, चर्चा संपली आणि टँकर चालूच राहिले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ग्रामीण शाखांमध्ये काम करताना बुडालेले हंगाम मी पुष्कळ पाहिले. दुष्काळी वर्षात पीककर्जाचे पुनर्गठन करायचे म्हणजे कागदावर हप्ते पुढे ढकलायचे. पण त्या कागदाला आधार असे तो एका गृहीतकाचा. हा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा पेरणार आहे. तो पेरायचाही. पहिल्या पेरणीचे बी करपले तर दुबार पेरणी करायचा, कारण जमीन त्याची होती आणि हरलेला हंगामही त्याचाच होता. हार सोसण्याची ताकद त्याला या मालकीतून मिळे.

पुण्याच्या संघाला हा आधारच नव्हता. 2017 मध्ये धोनीचे कप्तानपद काढून ते स्मिथकडे दिले गेले. संघाच्या नावातले शेवटचे 'स'ही गळाले. आणि नवल म्हणजे तोच संघ अंतिम सामन्यात पोहोचला. 21 मे रोजी हैदराबादला मुंबईच्या 129 धावांपुढे पुणे 128 वर थांबले. एका धावेने हार! यापेक्षा मोठी हुरहूर ती काय असणार? 'पुढच्या वर्षी बघू' हे शब्द ओठांवर यावेत आणि पुढचे वर्षच नसावे, असे पुणेकरांचे झाले. मुदत संपली, संघ विरला. त्याआधीचे 'पुणे वॉरियर्स' 2011 ते 2013 असे तीन हंगाम खेळले, दरवर्षी चारच सामने जिंकले आणि मालक व मंडळ यांच्या पैशांच्या भांडणात गेले.

कोणी म्हणेल, ही करमणूक आहे, मुदत आधीच ठाऊक होती, मग गळा काढायचे कारण काय? कारण असे की, मुले खेळातून जिंकण्यापेक्षा हरणे अधिक शिकतात. बंगळूरच्या लोकांनी आपल्या संघाचे तीन अंतिम पराभव पाहिले आणि 2008 पासून 2025 पर्यंत वाट पाहून करंडक मिळवला. अठरा हंगाम! त्यांना हे जमले, कारण संघ जागेवर होता. आपल्या पोरांनी घेतलेले जांभळे सदरे मात्र दोन उन्हाळ्यांत फरशी पुसायला गेले.

पण सगळा दोष मालकांच्या पदरात टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. न विरलेला एक संघ आपल्याकडे आहेच. महाराष्ट्राने देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 मध्ये अंतिम सामन्यात हार पत्करली. करंडक काही परत आला नाही. तरी संघ दरवर्षी मैदानात उतरतो. ही खरी दुबार पेरणी. ती पाहायला तिकिटासाठी कोणी रांगा लावत नाही, आणि त्यातल्या पाच खेळाडूंची नावे विचारली तर आपण छताकडे पाहतो. हरलेल्या हंगामाचा धनी व्हायला आपणच तयार नसू, तर मालकांनी तरी का व्हावे?

आमच्या रहाणेचेच पाहा. डिसेंबर 2020 मध्ये अ‍ॅडलेडला भारताचा डाव 36 धावांत आटोपला. कोहली मायदेशी परतला आणि नेतृत्व रहाणेकडे आले. आठवडाभरात त्याने मेलबर्नला 112 धावा केल्या, सामना जिंकला आणि जानेवारीत ब्रिस्बेनला मालिकाही. छत्तीसचा तो दिवस त्याने पुसला नाही, नाकारला नाही. पुढचा सामना होता, एवढेच त्याला पुरले.

घरातले मूल शाळेच्या सामन्यात हरून आले की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'किती धावांनी?' त्याऐवजी 'पुढचा सामना कधी?' असे विचारावे. आणि जमले तर त्या दिवशी मैदानाच्या कडेला जाऊन बसावे. तिथे तिकीट लागत नाही.