आठवडी बाजारातील पाटी आणि शेतातील फवारणी

स्पेनच्या ईशान्येकडील कॅटालोनिया प्रांतात आठवडी बाजार आजही वार धरून भरतात. ओलोटचा सोमवारी, बान्योलेसचा बुधवारी, ग्रानोयेर्सचा गुरुवारी, ला बिस्बालचा शुक्रवारी, तर विक शहराच्या मुख्य चौकातील बाजार मंगळवारी आणि शनिवारी. ग्रानोयेर्स येथे सोळाव्या शतकात धान्यबाजारासाठी दगडी खांबांवर उभारलेले छत अद्याप चौकात उभे आहे. भाजीपाला, कपडे, चपला सारे एकाच ठिकाणी. शेतकरी आणि व्यापारीही शेजारी-शेजारी. आपल्याकडच्या माणसाला हे बाजार मुळीच परके वाटत नाहीत.

वेगळेपण आहे ते एका हिरव्या चिन्हात. २०१३ च्या शासकीय आदेशाने तेथे 'निकटची विक्री' ही ऐच्छिक मान्यता सुरू झाली. शेतकरी स्वतः विकत असेल किंवा त्याच्या आणि ग्राहकाच्या मध्ये फार तर एकच मध्यस्थ असेल, तरच हे चिन्ह लावता येते.

कीड व्यवस्थापनाशी याचा संबंध काय? टोमॅटोवरील टुटा नागअळीचे उदाहरण घेऊ. ही कीड स्पेनमध्ये २००६ मध्ये आणि भारतात २०१४ मध्ये आढळली. कॅटालोनियातील संशोधकांनी मॅक्रोलोफस या भक्षक ढेकणाच्या संवर्धनावर दीर्घकाळ काम केले आहे. तो पांढरी माशी व टुटाची अंडी खातो आणि कॅलेंडुलासारख्या झाडांवर आश्रय घेतो. मात्र मित्रकीटकांवर भिस्त ठेवणाऱ्या शेतात एखाद्या फळावर डाग राहणारच. दूरच्या बाजारपेठेत प्रतवारी दिसण्यावरून होते आणि डागाला भाव नसतो. म्हणून माझ्या मते शेवटच्या फवारण्यांपैकी काही किडीसाठी नसून खरेदीदाराच्या नजरेसाठी असतात.

ते हिरवे चिन्ह माल विषमुक्त असल्याची हमी देत नाही. सेंद्रिय मालाचे प्रमाणीकरण तेथेही वेगळे आहे. परंतु ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस समोर आणण्याचे काम ते करते. शेवटची फवारणी कधी केली, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळला का, हे ज्याने फवारले तोच खात्रीने सांगू शकतो. डागाचे कारणही तोच समजावू शकतो.

आपल्याकडे पंजाबातील अपनी मंडी (१९८७), आंध्र प्रदेशातील रयतु बाजार (१९९९), तामिळनाडूतील उळवर संदै (१९९९) यांनी शेतकऱ्याला स्वतंत्र जागा दिली. सर्वसाधारण आठवडी बाजारात मात्र पिकवणारा आणि विकत आणून विकणारा यांतील फरक ग्राहकाला कळत नाही. परिणामी काटेकोर शेतकऱ्याच्या पदरी जास्तीचा एक रुपयाही पडत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी गटांमार्फत साधी पाटी सुरू करावी: शेतकऱ्याचे नाव, गाव, पीक, शेवटच्या फवारणीची तारीख. खोट्या पाट्यांची शंका रास्त आहे. म्हणून सातबारा किंवा त्या-त्या राज्यातील पीकनोंद आणि फवारणीची वही पाहूनच गटाने पाटी द्यावी व हंगाम संपताच परत घ्यावी. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे आपले प्रशिक्षण बहुधा बांधावरच संपते. त्याचा शेवटचा वर्ग बाजाराच्या दिवशी, बाजारातच भरवला पाहिजे.