सांत्वनाला भाषण नको, आठवण हवी

मागे आमच्या एका वर्गमित्राची आई गेली. बातमी मोबाईलवर आली. पाहता पाहता तिच्याखाली सत्तर-ऐंशी जोडलेले हात जमा झाले. 'भावपूर्ण आदरांजली' हे दोन शब्दही कोणी स्वतः लिहिले नव्हते. एकाचे दुसऱ्याने उचलले होते. आम्हीही तेच केले. खोटे कशाला बोला?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलो. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिले आणि सभा सुरू झाली. नऊ वक्ते बोलले. एकाने गटातटाचा हिशेब काढला, दुसऱ्याने निवडणुकीचा. कालकथित माउलीचे नाव एकाने चुकीचे घेतले, ते मागून कोणीतरी दुरुस्त केले. घरची माणसे मान खाली घालून बसली होती. त्यांना कोणी काही विचारले नाही.

सभा उठली. मंडपवाला खुर्च्या गोळा करू लागला. तेव्हा आम्ही पाच-सहा जुने सोबती विहाराच्या पायरीवर टेकलो. एकमेकांची खबरबात निघाली. एकाचे वडील जाऊन दोन वर्षे झाली होती, ते आम्हाला तिथे कळले! मग एकजण मित्राला म्हणाला, "दहावीच्या परीक्षेला माझ्या पायात काही नव्हते. तुझ्या आईने तुझ्या वडिलांची चप्पल दिली. मोठी होत होती, म्हणून पुढे कागद कोंबून दिला." इतका वेळ कोरडा बसलेला मित्र तिथे रडला. रडता रडता हसला. म्हणाला, "अरे, हे मला माहीतच नव्हते."

नऊ भाषणांनी जे झाले नाही, ते एका चपलेच्या आठवणीने झाले. पुण्यानुमोदन म्हणजे तरी काय? गेलेल्या माणसाच्या चांगल्या कर्माला आपण होकार भरायचा. ते कर्म कोणते, हे कोणी सांगितलेच नाही तर होकार कशाला भरणार?

काही मंडळी म्हणतात, आपण अनित्यता मानणारे, रडारड कशाला? त्यांनी सारिपुत्ताच्या निधनाची कथा आठवावी. चुंद त्याचे पात्र आणि चीवर घेऊन श्रावस्तीला आला, तो आधी आनंदाकडे. आनंद त्याला तथागतांकडे घेऊन गेला. बातमीने आपल्या अंगातले बळच गेले, असे आनंदाने तथागतांना सांगितले. तथागतांनी विचारले, सारिपुत्त जाताना तुझे शील, समाधी, प्रज्ञा घेऊन गेला काय? आनंद म्हणाला, नाही. पण तो आम्हाला शिकवणारा, उभारी देणारा होता, ते आम्हाला आठवते. अनित्यतेचा उपदेश त्यानंतर आला. आधी आनंदाचे ऐकून घेतले गेले. हा क्रम आम्ही विसरलो आहोत.

बाबासाहेबांचेच पाहा. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला. त्याआधी तीन मुले गेली होती. महिनाभराने, ऑगस्टमध्ये, त्यांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले आणि बापाचे दुःख मोकळे केले. एवढा ज्ञानी, एवढा कणखर माणूस. त्यालाही मन मोकळे करायला मित्र लागला. त्यानंतर सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, हेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. दुःख बोलल्याने माणूस दुबळा होत नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर आम्ही श्राद्ध आणि पिंडदान टाकले. योग्यच केले. कावळ्याची वाट पाहणे सुटले, भटाची दक्षिणा सुटली. पण रिकाम्या झालेल्या जागेत आम्ही काय ठेवले? पुढाऱ्यांची भाषणे आणि मोबाईलवरची जोडलेल्या हातांची चित्रे? कर्मकांड गेले आणि माणूसही गेला, असे होता कामा नये.

म्हणून आमच्या समाजबांधवांना तीन सूचना. पहिली, आदरांजली सभेत आधी घरच्यांना, शेजाऱ्यांना, जुन्या सोबत्यांना बोलू द्या. पुढारी शेवटी, तेही दोन मिनिटे. दुसरी, त्या आठवणी घरातल्या शिकलेल्या पोराने वहीत उतरवून घ्याव्यात. आमच्या आयाबायांचा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही. मोर्चाला भाकरी बांधून देणारी माउली कोणत्या ग्रंथात सापडेल? तिसरी, सांत्वनाला जाताना हाताला काम घेऊन जा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दाखला, कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेचे खाते, हे सारे एकट्या पडलेल्या भगिनीने कोणत्या खिडकीवर जाऊन विचारायचे? आपल्यातला एखादा कारकून तिच्याबरोबर गेला, तर ती आदरांजली दहा हारांहून मोठी.

आणि एक गोष्ट स्वतःलाच बजावतो. ज्याचे वडील गेल्याचे आम्हाला दोन वर्षांनी कळले, त्याच्या घरी आम्ही अजून गेलेलो नाही. या रविवारी जाणार आहोत. उशीर झाला आहे, पण आठवणी शिळ्या होत नसतात. तुमचाही असा एखादा मित्र असेल. त्याला जोडलेले हात पाठवू नका. त्याच्या दारात जा.

जयभीम!